लाल अक्षराचा लेखक : नॅथॅनिएल हॉथॉर्न



उपवासकाळ जवळ आला की पापनिवेदनाविषयी आम्ही वेदीवरून आवर्जून बोलतो. पुष्कळ जण येतात. काही जण मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतात. त्यांची श्रद्धा कमी असते असे आम्हाला वाटत नाही. बहुतेकांना लाज आडवी येते. फादरांना काय वाटेल, रांगेत कोणी पाहिले तर काय म्हणेल, गावात बोभाटा झाला तर काय, असे विचार मनात येतात आणि पाऊल दारातूनच मागे फिरते.

म्हणून यंदा या पानावर संतचरित्राऐवजी आम्ही एका लेखकाचे चरित्र देत आहोत. हे लेखक कॅथलिक नव्हते आणि नियमाने चर्चला जाणारेही नव्हते. परंतु पाप, अपराधाची टोचणी आणि चारचौघांतील बेअब्रू या तीन गोष्टींचा त्यांच्याइतका खोल विचार फार थोड्या कादंबरीकारांनी केला आहे. शिवाय त्यांच्या घराण्याचा आपल्या ख्रिस्तसभेशी पुढे जवळचा संबंध आला. तो शेवटी सांगू.

न्यायाधीशांचे घराणे

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांचा जन्म 4 जुलै 1804 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, सेलम या बंदराच्या गावी झाला. त्यांचे पूर्वज प्युरिटन होते. इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्येही रोमच्या रीती फार उरल्या आहेत, त्या काढून धर्म शुद्ध केला पाहिजे, असे म्हणणारा हा पंथ. सतराव्या शतकात त्यांच्यातील हजारो लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. ही माणसे मेहनती होती, काटकसरी होती. मुलांना शास्त्र वाचता यावे म्हणून त्यांनी शाळा काढल्या. परंतु माणसाला कायद्याने आणि चाबकाने शुद्ध करता येते, असेही त्यांना वाटत असे. तिथे पाप हा सरकारी गुन्हा होता आणि त्याची शिक्षा भर चौकात होत असे.

घराण्याचे मूळ पुरुष विल्यम हॅथॉर्न 1630 साली अमेरिकेत आले आणि पुढे सेलममधील वजनदार न्यायाधीश झाले. क्वेकर पंथाच्या लोकांचा त्यांनी कठोर छळ केला. एका क्वेकर स्त्रीला उघड्या पाठीवर फटके मारत एका गावातून दुसऱ्या गावात फिरवण्याचा हुकूम त्यांनीच दिला होता.

त्यांचे पुत्र जॉन हॅथॉर्न 1692 मध्ये सेलमच्या कुप्रसिद्ध चेटूक खटल्यांत न्यायासनावर होते. चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आरोपाला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला अंगावर दगड रचून चिरडून मारण्यात आले. या खटल्यांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी भीतीपोटी चेटूक केल्याची खोटी कबुली दिली आणि ती कायम ठेवली, त्यांचा जीव वाचला. आपण निर्दोष आहोत असे जे शेवटपर्यंत म्हणत राहिले, ते फासावर गेले. कबुलीजबाब बळाने उपटून काढायला लागले की सत्य आधी मरते.

या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांना पुढे पश्चात्ताप झाला. 1697 च्या जानेवारीत बोस्टनच्या चर्चमध्ये ते सर्वांसमोर उभे राहिले आणि त्यांनी लिहून दिलेला अपराधाचा स्वीकार पाळकांनी मोठ्याने वाचून दाखवला. जॉन हॅथॉर्न यांनी असे काही केल्याची नोंद नाही.

हे ओझे शंभराहून अधिक वर्षांनी जन्मलेल्या नॅथॅनिएलच्या मनावर आले. तरुणपणी त्यांनी आपल्या आडनावात एका अक्षराची भर घातली आणि हॅथॉर्नचे हॉथॉर्न झाले. या पूर्वजांपासून अंतर राखण्यासाठी त्यांनी तसे केले, असे अनेक जण मानतात. पण नाव बदलून त्यांनी हात झटकले नाहीत. आपल्या सर्वात गाजलेल्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी या दोघा पूर्वजांच्या क्रूरपणाचा उल्लेख केला, त्याची लाज स्वतःकडे घेतली आणि घराण्यावर काही शाप असेल तर तो दूर व्हावा, अशी प्रार्थना केली.

वरच्या मजल्यावरील खोली

वडील जहाजाचे कप्तान होते. 1808 मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे पिवळ्या तापाने ते वारले. त्या वेळी नॅथॅनिएल चार वर्षांचाही नव्हता. आई आपल्या तीन लेकरांना घेऊन माहेरी आली आणि मुले मामांच्या आधाराने वाढली. नऊ वर्षांचा असताना चेंडू खेळताना नॅथॅनिएलच्या पायाला दुखापत झाली आणि बराच काळ त्याला घरातच राहावे लागले. वाचनाची गोडी त्याच काळात वाढली.

1821 ते 1825 या काळात ते मेन राज्यातील बोडॉइन कॉलेजात शिकले. पुढे कवी म्हणून गाजलेले लाँगफेलो आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन पियर्स हे तिथले त्यांचे सोबती. शिक्षण संपल्यावर इतर मित्र वकिलीत, राजकारणात शिरले. हॉथॉर्न मात्र सेलमला परतले आणि जवळजवळ 12 वर्षे आईच्या घरातील वरच्या खोलीत बसून वाचत आणि लिहीत राहिले. 1828 मध्ये पदरचे पैसे घालून त्यांनी पहिली कादंबरी नाव न देता छापली. नंतर तिचीच त्यांना इतकी लाज वाटली की हाती येतील त्या प्रती त्यांनी जाळून टाकल्या. 1837 मध्ये कथासंग्रह निघाला, तोही होरेशियो ब्रिज या मित्राने गुपचूप प्रकाशकाच्या नुकसानीची हमी घेतली म्हणून.

त्या काळातील एका कथेत एक पाळक रविवारी चर्चमध्ये तोंडावर काळा पडदा घेऊन उभा राहतो आणि मरेपर्यंत तो काढत नाही. लोक घाबरतात, त्याला टाळतात. प्रत्येकाच्या तोंडावर असाच एक न दिसणारा पडदा आहे, हे मात्र कोणी मान्य करत नाही. आणखी एका कथेत गर्दीमध्ये उभी असलेली, कपड्यावर लाल अक्षर शिवलेली एक तरुण स्त्री ओझरती दिसते. ती त्यांच्या मनात 10 हून अधिक वर्षे तशीच उभी राहिली.

1842 मध्ये सोफिया पीबॉडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा होता, पण पैशाची चणचण कायमची.

नोकरी गेली, पुस्तक आले

1846 मध्ये हॉथॉर्न यांना सेलमच्या जकात कचेरीत बरी नोकरी मिळाली. त्या काळी अशा जागा राजकीय पक्षाच्या मर्जीवर असत. 1849 मध्ये सत्ता पालटली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. प्रकरण वर्तमानपत्रांत गेले. पक्षपाताचे आरोप झाले, उलटसुलट पत्रे छापली गेली. मुळात अबोल असलेल्या या माणसाचे नाव गावभर चघळले गेले. त्याच वर्षीच्या जुलैअखेर त्यांच्या आईचे निधन झाले.

नोकरी गेल्याचे कळले तेव्हा सोफियाबाईंनी घरखर्चातून वाचवून ठेवलेले पैसे पुढे केले आणि आता निवांतपणे पुस्तक लिहा, असे सुचवले. मित्रांनीही आपसांत वर्गणी करून रक्कम पाठवली. ती घेताना हॉथॉर्न यांना फार संकोच वाटला. काही वर्षांनी हाती पैसा आल्यावर त्यांनी ती परत केली.

अशा दिवसांत ‘द स्कार्लेट लेटर’, म्हणजे लाल अक्षर, ही कादंबरी लिहून झाली. 1850 च्या फेब्रुवारीत शेवटचा भाग त्यांनी पत्नीला वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज घोगरा झाला होता. ऐकून सोफियाबाईंचे डोके इतके दुखू लागले की त्या झोपायला निघून गेल्या. 16 मार्च 1850 रोजी बोस्टनमध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. 2,500 प्रतींची पहिली छपाई अवघ्या 10 दिवसांत संपली.

मात्र पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी जकात कचेरीतील जुन्या सहकाऱ्यांची बरीच थट्टा केली होती. सेलमचे लोक त्यामुळे दुखावले. दुसऱ्या आवृत्तीतही हॉथॉर्न यांनी त्यातला शब्द बदलला नाही. सार्वजनिक बेअब्रूवर लिहिणाऱ्या लेखकालाही लेखणीने दुसऱ्यांना चौकात उभे करण्याचा मोह आवरला नाही, हे आपण नोंदवून ठेवू.

चौथऱ्यावरची स्त्री

कथा सतराव्या शतकातील बोस्टनची आहे. हेस्टर प्रिन ही तरुण स्त्री पती दूर असताना आई होते. तान्हे मूल कडेवर घेऊन तिला तीन तास चौथऱ्यावर उभे केले जाते आणि जन्मभर छातीवर लाल रंगाचे ‘ए’ हे अक्षर वागवण्याची शिक्षा दिली जाते. इंग्रजीत व्यभिचाराला जो शब्द आहे त्याचे हे पहिले अक्षर. मॅसॅच्युसेट्समध्ये 1694 साली असे अक्षर कपड्यावर शिवण्याचा कायदा खरोखरच झाला होता.

मुलाचा बाप कोण, हे हेस्टर सांगत नाही. तो असतो त्याच गावचा लाडका पाळक आर्थर डिम्सडेल. भर सभेत तिला नाव सांगण्याचा आग्रह करण्याचे काम त्याच्यावरच येते. तिचा पती वेगळे नाव घेऊन, रॉजर चिलिंगवर्थ म्हणून, गावात वैद्यकी करू लागतो. पाळकाचा संशय येताच औषधोपचाराच्या निमित्ताने तो त्याच्याजवळ राहतो आणि त्याचे मन उकरत बसतो.

सात वर्षे जातात. हेस्टर शिवणकाम करते, गरिबांना मदत करते, आजाऱ्यांच्या उशाशी बसते. हळूहळू लोक त्या अक्षराचा वेगळाच अर्थ लावू लागतात. पाळक मात्र आतून पोखरला जातो. रात्री कोंडून घेऊन स्वतःला चाबकाने मारतो, उपास करतो. वेदीवरून आपण मोठे पापी आहोत असेही म्हणतो. पण ते इतके मोघम असते की लोकांना तो अधिकच पवित्र वाटू लागतो. शेवटी एका मोठ्या प्रवचनानंतर तो हेस्टरचा आणि मुलीचा हात धरून त्याच चौथऱ्यावर चढतो, सर्वांसमोर आपले पाप सांगतो आणि तिथेच प्राण सोडतो.

एक जागा आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. हेस्टर बाळाला घेऊन चौथऱ्यावर उभी असते तेव्हा लेखक म्हणतात की त्या गर्दीत एखादा कॅथलिक असता तर त्याला बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेच्या चित्राची आठवण झाली असती. लगेच ते हेही सांगतात की ते मातृत्व निष्पाप होते आणि इथे पाप आहे. तरीही जिला सारा गाव चिखल समजतो तिच्याकडे पाहताना आधी आई दिसावी, हे त्यांना आपल्या चित्रांवरून सुचले.

तीन पायऱ्या

सेमिनरीत संत थॉमस अक्विनास यांचे विचार शिकताना प्रायश्चित्त संस्कारात पापी माणसाकडून तीन गोष्टी लागतात, असे आम्ही शिकलो : मनापासून पश्चात्ताप, पापाचे निवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई. त्यांच्या जोडीला धर्मगुरूच्या मुखातून पापक्षमा येते. ही कादंबरी आम्ही या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून वाचतो.

हेस्टरचे पाप जगजाहीर झाले, पण ते तिने सांगितले नव्हते, लोकांनी तिच्या अंगावर शिवले होते. तेवढ्याने तिचे मन बदलले नाही. बराच काळ तिच्या मनात ताठा आणि बंडच होते. तिने भरपाई मात्र मूकपणे केली. डिम्सडेलकडे पश्चात्ताप ओसंडून वाहत होता, शरीराला क्लेशही होते, पण निवेदन नव्हते. म्हणून त्याचा पश्चात्ताप त्यालाच खात राहिला. चिलिंगवर्थने तर पापनिवेदन ऐकणाऱ्याची जागा बळकावली आणि क्षमा द्यायची सोडून रहस्य हातात ठेवले. दुसऱ्याच्या अंतःकरणाच्या पावित्र्याचा त्याने भंग केला. लेखकाने हे पाप त्या दोघांच्या पापापेक्षा काळे ठरवले आहे, आणि आम्हाला ते पटते.

गाव काय करते? गाव पाहते, बोट दाखवते आणि घरी जाते. लाजेने माणूस लपायला शिकतो, फार तर निर्ढावतो. मन पालटण्यासाठी कोणीतरी ऐकून घेणारा आणि ऐकलेले पोटात ठेवणारा लागतो. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू जीव गेला तरी बाहेर काढू शकत नाही, हा ख्रिस्तसभेचा नियम याचसाठी आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायातील त्या स्त्रीला प्रभूने आधी गर्दीपासून सोडवले आणि मग एकांतात तिच्या पापाचा विषय काढला. हा क्रम विसरून चालणार नाही.

रोममधील दिवस

1853 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या पियर्स यांनी हॉथॉर्न यांना इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे अमेरिकेचे कॉन्सल म्हणून पाठवले. तिथल्या एका अनाथ व निराधारांच्या आश्रमाला भेट देताना एक रोगट, खरजेने भरलेले मूल त्यांच्यामागे लागले आणि हात वर करून उभे राहिले. हॉथॉर्न यांना मुळात कोणाचा स्पर्श नकोसा वाटे. किळस आली, तरी त्यांनी मुलाला उचलून घेतले. छापील पुस्तकात त्यांनी हा प्रसंग दुसऱ्याच कोणा गृहस्थाचा म्हणून सांगितला. ते गृहस्थ ते स्वतःच होते, हे त्यांच्या खासगी टिपणवह्यांमुळे मृत्यूनंतर उघड झाले.

1858 मध्ये हे कुटुंब रोमला गेले. कॅथलिक रीतींविषयी हॉथॉर्न यांच्या मनात शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. पण संत पेत्राच्या मंदिरात वेगवेगळ्या भाषांतून पापनिवेदन ऐकण्याची सोय पाहून ते विचारात पडले. 1860 साली निघालेल्या ‘द मार्बल फॉन’ या कादंबरीत हिल्डा नावाची प्युरिटन घराण्यातील मुलगी दुसऱ्याचा गुन्हा डोळ्यांनी पाहते आणि त्या गुपिताच्या भाराने झुरते. अखेर प्रोटेस्टंट असूनही ती संत पेत्राच्या मंदिरात एका धर्मगुरूपुढे सारे बोलून टाकते आणि हलकी होऊन बाहेर येते. डिम्सडेलला जे दार बोस्टनमध्ये सापडले नव्हते, ते 10 वर्षांनी लेखकाने रोममध्ये उघडून दाखवले.

जे दिसले नाही

चरित्र खरे सांगायचे तर उणी बाजूही सांगितली पाहिजे. 1852 मध्ये पियर्स यांच्या निवडणुकीसाठी हॉथॉर्न यांनी त्यांचे चरित्र लिहिले. पियर्स गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडील मालकांना सांभाळून घेणारे होते. हॉथॉर्न यांनाही गुलामगिरी आवडत नव्हती, पण तिच्याविरुद्ध उभे राहण्याची निकड त्यांना वाटली नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे पूर्वजांचे पाप ज्यांना स्पष्ट दिसले, त्यांना आपल्या काळाचे पाप अंधुक दिसले. आपल्यालाही आजोबांच्या चुका तोंडपाठ असतात. आज आपण कशाकडे डोळेझाक करतो, हे तपासणे जड जाते.

मित्र म्हणून मात्र ते पक्के होते. 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, पियर्स यांचे नाव लोकांना नकोसे झाले होते. प्रकाशकाने नको म्हटले तरी हॉथॉर्न यांनी आपले नवे पुस्तक त्यांनाच अर्पण केले. 19 मे 1864 रोजी पियर्स यांच्यासोबत प्रवासात असताना न्यू हॅम्पशायरमधील प्लिमथ येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. ते 59 वर्षांचे होते. काँकॉर्ड येथे त्यांना पुरण्यात आले.

धाकटी लेक रोज

त्यांची धाकटी मुलगी रोज त्या वेळी 13 वर्षांची होत होती. तिचा जन्म 20 मे 1851 चा, लाल अक्षरानंतरच्या वर्षाचा. पुढे तिने लेखक जॉर्ज लॅथ्रॉप यांच्याशी विवाह केला. एकुलता मुलगा चार वर्षांचा असताना 1881 मध्ये घटसर्पाने गेला. 1891 मध्ये पती-पत्नी दोघांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पतीच्या दारूपायी संसार टिकला नाही.

त्या काळी कर्करोग हा संसर्गाने पसरतो असा समज होता. गरीब रोग्यांना घरातून आणि इस्पितळांतून बाहेर काढत. रोग म्हणजे जणू अंगावरचे लाल अक्षरच. 1896 मध्ये वयाच्या 45व्या वर्षी रोज यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन अशा रोग्यांच्या जखमा धुऊ लागल्या. पतीच्या निधनानंतर 1900 साली त्यांनी दोमिनिकन वस्त्र धारण केले आणि त्या मदर मेरी अल्फोन्सा झाल्या. त्यांच्या संघाच्या भगिनी आजही मरणपंथाला लागलेल्या कर्करोग्यांची सेवा करतात आणि रोग्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून पैसे घेत नाहीत. लिव्हरपूलच्या आश्रमात वडिलांनी उचललेल्या त्या मुलाचा प्रसंग रोज यांना फार प्रिय होता.

मदर अल्फोन्सा 9 जुलै 1926 रोजी निवर्तल्या. तो त्यांच्या आईवडिलांच्या विवाहाचा वाढदिवस होता. 14 मार्च 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या असामान्य सद्गुणांना मान्यता दिली आणि त्यांना ‘आदरणीय’ हे पद मिळाले. ज्या घराण्यातील न्यायाधीशांनी स्त्रियांना फटके आणि फाशी दिली, त्याच घराण्यातील एक स्त्री आज संतपदाच्या वाटेवर आहे.

येत्या उपवासकाळात आमची आपल्याला दोन गोष्टींची विनंती आहे. गावात कोणाचे पाऊल घसरल्याची बातमी कानावर आली तर ती आपल्यापाशीच थांबवावी, पुढे नेऊ नये. आणि स्वतःच्या मनात वर्षानुवर्षे काही लपवून ठेवले असेल तर एकदा येऊन सांगावे. आपल्या चर्चमध्ये सांगायला अवघड वाटत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात जावे, तिथले फादरही तितक्याच प्रेमाने ऐकतील.

प्रभू आपणा सर्वांना मोकळे मन देवो.

आपले,
धर्मगुरू